पाऊस पडला की येते

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते आणि गिरजा माठापाशी उभी राहून मला म्हणली, "मम्मी, पाणी घेतलं तर चालंल का?" आणि मी आधी हसले, खोटं कशाला सांगू. सहा वर्षांची पोरगी, स्वतःच्या घरातला माठ, हातात रिकामा ग्लास, आणि असं विचारती म्हणल्यावर तुम्हाला पण हसूच आलं असतं. दारात शेजारची अनवरीआपा आमच्या मल्हूला कडेवर घेऊन उभी होती, आपण सगळ्या कंपनीत असतो तवा बाळाला तीच सांभाळती ना, ती तर लई खूश झाली. "कित्ती अदब की बच्ची है गं शीला, पूछके पानी पीती! माझ्या पोट्ट्यांनी तर दोन माठ फोडलेत." मी म्हणलं, घे की गं येडे, विचारायचं काय त्यात. तर गिरजानं अर्धा ग्लास घेतला. अर्धाच. पिऊन झाल्यावर ग्लास विसळला नाय, फ्रॉकच्या घेरानं आतून पुसला, पालथा घातला, आणि जाऊन कॉटवर बसली. आता कॉटवर पोरं कशी बसतेत, लोळतेत, भिंतीला पाय लावतेत. ही बसली पार कडंला, पाय खाली सोडून, दोन्ही हात मांडीवर. आणि माझा हात पिठातच थांबला. असं आपण कुठं बसतो सांगा बरं? लोकाच्या घरी बसतो. चहा येईपर्यंत बसतो तसं.

त्या दिवशी उकाडा किती होता ते आठवतंय ना, ऑक्टोबरची नुसती भट्टी, पत्र्याच्या खोलीत फॅन गरम वारा फेकतोय, आणि मी भाकऱ्या थापत थापत तिच्याकडं चोरून बघतेय. म्हणलं, माझंच काहीतरी आहे हे. कारण मला ती चापट आठवली. मल्हू झाला शिमग्याला, तवापासून पाण्याचा काय खेळ झाला होता इकडं ते तुम्हाला काय सांगायचं, बजाजनगरात नळ आठ दिवसांनी, तो बी कधी येईल त्याचा नेम नाय, आणि आला की अख्खी गल्ली टिपाडं घेऊन बाहेर. मी ओली बाळंतीण. बाळाचे लंगोट धुवायचे कशात? आमचे हे कंपनीतून येताना दोन कॅन हँडलला अडकवून आणायचे, त्यातला एक प्यायला, एक वापरायला. आणि एका दुपारी गिरजानं बाहुलीला आंघोळ घातली. तांब्याभर पाण्यानं. मी तिला फाडकन मारली. गालावर बोटं उठली. पाण्याला हात लावायचा नाय, विचारल्याबिगर हात लावायचा नाय, असं मी ओरडले, आणि बाळ उठलं, आणि मी पण रडायला लागले, आणि गिरजा माझ्याकडं बघत राहिली, हातात ती ओली बाहुली. आमच्या मागं तवा त्या सात मजली बिल्डिंगीचं काम चालू होतं, जिथं आधी ज्वारी असायची तिथं. तिथला माणूस पाईप घेऊन नव्या स्लॅबवर पाणी मारायचा, सकाळ-संध्याकाळ, टँकरचं. सिमेंट तडकू नये म्हणून. गिरजा खिडकीत उभी राहून ते बघायची. एकदा मला म्हणली, मम्मी, त्या घराला कोणी मारत नाय का? 

तर त्या चापटेनंतर आठ दिवसात मी तिला माहेरी पाठवलं. माझं माहेर फर्दापूरच्या अलीकडं, वस्तीवर, आमची मेंढरं आहेत. त्या उन्हाळ्यात तिकडं एका बोअरला अजून पाणी होतं. माय, म्हणजे कस्तुराबाई, माझी आई, ती स्वतः न्यायला आली होती. संभाजीनगरला सिडकोच्या स्टँडवर गाडी लागलेली, गिरजा खिडकीत, आणि तिचं तोंड असं व्हायला लागलं, म्हणजे आता फुटणार, आणि मी घाईघाईनं म्हणलं, "गिरजे, पाऊस पडला की न्यायला येते. पाऊस पडला की आलेच मी." लगेच तिनं तोंड मिटलं. मान हलवली. गाडी गेली. मला तवा लई बरं वाटलं, काय पटकन सुचलं बघ मला, असं. पण सुचलं नव्हतं ते. ते माझ्या तोंडात आधीपासून होतं. माझा बाप, आबा, दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप-बिऱ्हाड सगळं, घेऊन घाट उतरायचा, खाली खानदेशात, चाऱ्यामागं, सहा सहा महिने. माय पण जायची, मी आजीपाशी राहायचे शाळेसाठी. आणि निघताना आबा घोड्यावर भांडी बांधता बांधता म्हणायचा, पाऊस पडला की आलोच. आमच्यात तारीख नसते ओ. येतो कवा, तर पाऊस पडला की. लगीन कवा, पाऊस पडला की. आणि आबा यायचा! रोहिणीचा पहिला शिरवा पडायचा, मातीचा वास सुटायचा, आणि मी फाट्यावर जाऊन बसायचे, पहिल्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशी नाय, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी लांबून घंटा ऐकू यायच्या. एक साल चुकलं नाय. त्याला यावंच लागायचं, खाली चिखलात मेंढरांचे खूर सडतेत. त्याचं येणं पावसाच्या हातात होतं. माझं येणं कुणाच्या हातात? सुपरवायजरच्या. हे मी बोलताना बघितलंच नाय. धनगराचा शब्द मी शिफ्टमधल्या बाईच्या तोंडानं दिला.

मग जून गेला, थोडं भुरभुरलं इकडं, नळ होता तसाच आठ दिवसांनी. आखाडात काहीच नाय. मल्हू पाच महिन्यांचा झाला तशी मी कामावर लागले परत, एकाच्या कमाईत भागत नव्हतं, आणि मग दिवस कसे गेले तुम्हीच बघितलंय, पहाटं उठा, बाळाला पाजा, आपाकडं द्या, गाडी पकडा. रविवारी फोन करायचे मी गिरजाला. पहिले पहिले ती लई बोलायची, कोकराला नाव ठेवलंय, आजीनं चुलीवर मला भाकर करू दिली. शेवटी विचारायची, तिकडं पाऊस पडला का? मी म्हणायचे, नाय गं राणी. ती म्हणायची, इकडं पण नाय. मला वाटायचं मोठ्या माणसासारखी दुष्काळाचं बोलती, मी ह्यांना कौतुकानं सांगायचे. शप्पथ सांगते, एकदा पण डोक्यात आलं नाय की ती कशाची चौकशी करतेय. आणि नंतर नंतर ती कमी बोलायला लागली. ठेवू का, म्हणायची. मी म्हणलं, रमली तिकडं.

दसऱ्याला मी तिला आणायला गेले ते काही माझ्या मनानं नाय गेले, हे पण सांगून टाकते. यंदा चाराच नव्हता, म्हणून आबानं वाडा दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच हलवायचं ठरवलं, माय पण चालली, मग पोरगी ठेवायची कुणापाशी? म्हणून गेले. वस्तीवर पोचले तर घोडा लादलेला, मेंढरं पुढं काढलेली, आणि गिरजा पिशवी घेऊन तयार. पिशवीत कपडे असे घडी घालून ठेवलेले की मला माझ्या सासूच्या ट्रंकेची आठवण झाली. मला वाटलं पळत येईल. आली, पण चालत आली. माझ्या पाया पडली! मी म्हणलं, अगं, मी पाव्हणी आहे का. माय म्हणली, "सणाचं हाय, पडू दे." आजीला सोडताना रडली नाय, माझ्या गळ्यात पडली नाय. गाडीत खिडकीशी बसली ती सिल्लोड गेलं, फुलंब्री गेलं, गप. घरी आल्यावर मला हळूच म्हणली, मम्मी, लघवीला कुठं जायचं? तीन-साडेतीन तास तिनं धरून ठेवलं होतं. स्वतःच्या घरात विचारतेय, कुठं जायचं. मी तवा म्हणलं, दमली असंल. आमचे हे, हनुमानराव, ते तर रात्री जेवताना म्हणले, "शहाणी झाली गं पोरगी, सांगावंच लागत नाय काही." आणि ती खाली मान घालून ताटातलं एक एक शीत वेचत होती.

म्हणजे ते पाणी विचारलं तवा हे सगळं एकदम आलं माझ्यावर. मी मायला फोन लावायला लागले. वाड्याबरोबरचा फोन, कधी चार्जिंग नाय, कधी रेंज नाय, लागला तो अजून दोन दिवसांनी, कंपनीतून येताना मी बसमधून उतरले आणि तिथंच रस्त्यावर लागला. मागं मेंढरं ओरडतेत. मी म्हणलं, माय, गिरजाला काय झालंय गं? तिकडं कुणी बोललं का तिला, मारलं का? माय म्हणली, "मारायला काय, लई गुणाची पोर हाय ती." मी म्हणलं, मग परक्यासारखी का करती? तशी मायनं आधी मेंढरांना हाकललं.  मग म्हणली, "हत्तीचा पाऊस पडला तवा बसली व्हती ती फाट्यावर."

मी म्हणलं, कशाला?

"कशाला म्हंजी? तूच म्हणली व्हतीस ना, पाऊस पडला की येते. सकाळीच पिशवी भरली तिनं. तीन दिवस जाऊन बसायची, त्या हॉटेलाच्या पत्र्याखाली. संभाजीनगरकडनं गाडी आली की उठायची. हॉटेलवाला गयास तिला चा द्यायचा, बिस्कुट द्यायचा, तर घ्यायची नाय. म्हणायची, मम्मी आल्यावर खाईन."

आणि मला तो फोन आठवला. मायनंच केला होता मला, दसऱ्याच्या आधी तो हस्ताचा, हत्तीचा पाऊस पडला त्याच दिवशी, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सुकेशनी, तू पण होतीस बघ बाजूला, मी तुला म्हणलं पण होतं की माहेरी लई पडला. माय म्हणली होती, "तीन तास धो धो पडला, नाला आला, दोन कोकरं वाहून गेली, गिरजा बी लई वाट बघती, काय करती?" आणि मी डबा खाता खाता म्हणलं होतं, आनंदानं म्हणलं होतं ओ, बरं झालं माय, आता बोअरला पाणी वाढंल, मग राहू दे तिला दिवाळीपर्यंत तिकडंच, इकडं आणून काय करू, इकडं माझेच हाल आहेत.

मी मायला विचारलं, तिला कळलं का मी काय म्हणले ते? माय म्हणली, "तो स्पीकर बंद करता येतो का मला? मांडीवरच बसली व्हती ती माझ्या." मी म्हणलं, तू मला तवाच का नाय सांगितलंस, पिशवी भरली म्हणून? "सांगून काय करणार व्हतीस? आली असतीस?" आणि मग, रागानं नाय, नुसतंच, "तू बी बसायचीस की गं फाट्यावर. पण तुझा बाप यायचा."

आणि बघा, फोन ऐकून सुद्धा ती पुढं दोन दिवस जाऊन बसली. हे मला सोडत नाय. माझा आवाज ऐकलाय, राहू दे तिला, ऐकलंय सगळं, आणि तरी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेली. तिला काय वाटलं असंल? की मम्मीला कळलं नाय, पाऊस खरंच पडलाय म्हणल्यावर तिला यावंच लागणार? मी पण लहानपणी असंच समजायचे, पाऊस माणसाला ओढून आणतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उठली असंल तिथनं तवा काय समजून उठली? मी रस्त्यावर उभी, बाजूनं टँकर चाललेत गळत गळत, पोरं गळतीखाली बाटल्या धरून पळतेत, आणि मला आबाच्या मेंढरांचा वास यायला लागला, खरंच, त्या डांबरावर. ओल्या लोकरीचा.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. आमच्या गल्लीत जळगाव-बुलढाण्याकडची लोकं लई, त्यांच्या पोरी महिनाभर भुलाबाई बसवतेत, संध्याकाळी गाणी म्हणायची आणि मग डब्यातला खाऊ ओळखायचा, झाकण न उघडता, डबा नुसता हलवून. फर्दापूरला गिरजा पण शिकली होती. शेवटच्या दिवशी प्रत्येक पोरीनं आपल्या घरचा डबा न्यायचा. मी ठरवलं, आज मी तिला असं काही करून देणार ना, की कुणाला ओळखूच येणार नाय. येताना रवा घेतला, खोबरं घेतलं. आले तर आपा ओट्यावर बसलेली, मला म्हणली, "अगं, तेरी बेटी मेरे कू खाऊ माँगी. इत्ता सा मुँह करके बोली, मावशी, तुमच्या घरात काही असंल तर द्याल का, मम्मी दमून येती. मैंने खजूर दी डिब्बे में." असं म्हणून ती हसली, आणि मग माझं तोंड बघून म्हणली, "क्या हुआ गं? मैं गलत की क्या?" मी म्हणलं, नाय ओ आपा, चांगलं केलं.

मी गल्लीच्या टोकाला जाऊन लांबूनच बघितलं. ऊन नुकतं उतरलेलं, दहा-बारा पोरी गोल करून, आणि गिरजाच्या हातात डबा, ती एकेकीच्या कानापाशी नेऊन हलवतेय, आणि खजूर वाजतच नाय. एक म्हणली, लाडू. एक म्हणली, काहीच नाय, रिकामा आहे, फसवती ही. आणि गिरजा हसली. तोंड उघडून, पुढचे दोन दात पडलेत ते दिसले मला, कधी पडले ते पण मला ठाऊक नाय, पोटातनं हसली, डबा पोटाशी धरून वाकून हसली, "हरल्या! हरल्या! सांगा हरल्या म्हणून!" मी किती महिन्यांनी ऐकला तो आवाज. मी एक पाऊल पुढं टाकलं. तिनं मला बघितलं. आणि हसणं असं आवरून घेतलं, फ्रॉक नीट केला, आणि शहाणी झाली.

मग मी ठरवलं, उद्या कामावर जायचं नाय. मेली ती हजेरी. दिवसभर पोरीपाशी बसायचं आणि सगळं सांगायचं, माफी मागायची, लेकराची माफी मागायला कसली लाज. सकाळी तरी सवयीनं पहाटंच उठले. ती पण उठलेली, मल्हू झोपलेला. मी तिला पुढ्यात घेतली वेणी घालायला. तिचं तोंड पलीकडं, म्हणून मला बोलता आलं. तेल लावलं, भांग पाडला, एक वेणी घालून झाली, मग म्हणलं, गिरजे, तिकडं हत्तीचा पाऊस पडला होता ना. तिची मान ताठ झाली, माझ्या हाताला कळलं. मी म्हणलं, मी तुला बोलले होते स्टँडवर, आणि मी आले नाय. मी विसरले गं. मी चुकले.

तिनं हातातली दुसरी रिबिन बोटाला गुंडाळली. मग म्हणली, "तो पाऊस नव्हता मम्मी."

मी म्हणलं, अगं, आजीनं सांगितलं मला.

"आजीला दिसत नाय नीट. नुसते शिंतोडे होते. ढेकूळ पण भिजलं नाय." आणि मागं हात करून तिनं माझ्या गुडघ्यावर ठेवला, असा, थोपटल्यासारखा, जसं आपण मल्हूला थोपटतो. "त्याला कोणी पाऊस म्हणतं का? मी काय वाट बघितली नाय काही. मी तिथं खेळायला जायची."

नाला आला होता. दोन कोकरं वाहून गेली होती, त्यातल्या एकाचं नाव तिनंच ठेवलेलं असंल. आणि ती मला सांगतेय, ढेकूळ भिजलं नाय. मला माफी नव्हती हो पाहिजे. तिनं रडायला पाहिजे होतं, मला मारायला पाहिजे होतं, म्हणायला पाहिजे होतं, तू का नाय आलीस. मी त्याच्यासाठी सुट्टी टाकणार होते. आणि तिनं माझी समजूत काढली. पाहुणा नाय का म्हणत, भाजी चांगली झालीय, मीठ नसलं तरी.

तेवढ्यात आपल्या कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला कोपऱ्यावर. मी उठले नाय. तीच म्हणली, "मम्मी, गाडी आली. जा ना, उशीर होईल तुला." मी म्हणलं, आज मी नाय जाणार, आज मी तुझ्यापाशी. तर ती लई घाबरली. "नको नको, तू जा. मी राहते. मला काही लागत नाय. मल्हू उठला की मी आपाकडं देते." परत हॉर्न. आणि तिच्या डोळ्यात असं होतं, जसं मी घरी राहिले तर तिला दिवसभर माझ्यासमोर नीट बसावं लागंल. पाय खाली सोडून, हात मांडीवर ठेवून.

आणि मी गेले ओ. मी डबा उचलला आणि गेले. सुकेशनी, तू माझी जागा धरून ठेवली होतीस, तू म्हणलीस, झोप झाली नाय का गं रात्री, आणि मी म्हणलं, व्हय. गाडी वळली तवा खिडकीतून आमचं दार दिसलं. ती उंबऱ्यावर बसलेली, गाडीकडं बघत पण नव्हती. रिबिनीचं एक टोक दातात धरून, मान तिरकी करून, राहिलेली वेणी स्वतःच घालत होती.